पाड्यावरचं म्हातारपण आणि मनाचा दवाखाना : प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत, डहाणूत जवळपास सात. वारली सर्वांत जास्त. शिवाय कोकणा, धोडी, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी. आठवडी बाजारात, एसटीच्या थांब्यावर, भाताच्या आवणीत हीच माणसं बहुसंख्य दिसतात. दवाखान्याची पायरी चढली की मात्र ती अल्पसंख्य होतात. तिथे त्यांची बोली चालत नाही, डॉक्टर बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात, आणि दुखणं सांगायची जी रीत तिथे अपेक्षित असते ती त्यांना कोणी शिकवलेली नसते. त्यातही माणूस म्हातारा असेल आणि दुखणं मनाचं असेल, तर तो पायरीपर्यंत पोचतच नाही. मग अहवालात एक वाक्य लिहिलं जातं : या भागात मानसोपचार सेवेचा वापर कमी आहे.

हे पुस्तक त्या एका वाक्याशी भांडतं.

भांडण वाक्याच्या खरेपणाशी नाही. वापर कमीच आहे. पण ते वाक्य वाचणारा पुढचं आपोआप धरून चालतो : लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत, त्यांच्यात जागृती केली पाहिजे. दोष येणाऱ्याच्या, किंवा न येणाऱ्याच्या, माथी बसतो. आमचं म्हणणं उलट आहे. सेवेचा कमी वापर ही आधी त्या सेवेविषयीची माहिती आहे. ती सेवा कोणाची वाट पाहत बसली होती, कोणत्या भाषेत, कोणत्या वारी, कोणत्या रस्त्याच्या टोकाला, हे तपासल्याशिवाय न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाविषयी काही बोलण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

या विषयाला जगात मोठा आणि बराचसा लाजिरवाणा इतिहास आहे. वसाहतींच्या काळात युरोपीय मानसोपचारतज्ज्ञ ‘आदिम’ माणसाच्या मनाविषयी निकाल देत. १९५३ साली जे. सी. कॅरोदर्स यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आफ्रिकी मनावर एक प्रबंध लिहिला आणि आफ्रिकी माणसाला नैराश्य फारसं होत नाही असं त्यात मांडलं. दहा वर्षांच्या आत नायजेरियातले थॉमस लॅम्बो आणि त्यांचे सहकारी योरुबा खेड्यांत हिंडले, तेव्हा तिथे नैराश्य होतंच. विचारणाऱ्याला ते दिसलं नव्हतं, इतकंच. लॅम्बो यांनी अबेओकुटाजवळ आरो इथे १९५४पासून रुग्णांना आसपासच्या गावांतल्या कुटुंबांत राहायला ठेवलं आणि पारंपरिक वैदूंनाही कामात घेतलं. डहाणूविषयीच्या पुस्तकात नायजेरिया कशाला, असं कोणी म्हणेल. ‘आदिवासी मोकळे असतात, नाचतात, गातात, त्यांना कसला ताण’ हे वाक्य आजही आपल्याकडे शिकलेली माणसं सहज बोलतात, म्हणून. ते कॅरोदर्सचंच वाक्य आहे.

दुसरा प्रवाह ब्रिटनमधला. तिथे स्थलांतरित होऊन म्हातारे झालेल्या आशियाई आणि कॅरिबियन लोकांवर ॲलिसन नॉर्मन यांनी १९८५ साली लिहिलं आणि तिहेरी संकटाची कल्पना मांडली : वय, वंशामुळे वाट्याला येणारा भेदभाव आणि सेवा न पोचणं. ही तिन्ही ओझी तलासरीच्या म्हाताऱ्यावरही आहेत. एक फरक मात्र मोठा आहे. नॉर्मन यांची माणसं परक्या देशात म्हातारी झाली. इथली माणसं आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर म्हातारी झाली आणि तरी दवाखान्यात परकी ठरली. त्याच सुमारास, १९८० साली, डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्सली यांनी मानसोपचारापर्यंतच्या वाटेवर लागणाऱ्या चाळण्या दाखवून दिल्या. माणसाला त्रास होतो, तो कोणाकडे तरी जातो, त्याचा त्रास मनाचा आहे हे समोरच्याला ओळखू येतं, तो पुढे पाठवतो, आणि मग तज्ज्ञ भेटतो. प्रत्येक चाळणीत माणसं गळतात. आम्हाला हा विचार फार उपयोगी पडला, कारण तो ‘लोक का येत नाहीत’ या भल्यामोठ्या प्रश्नाचे तुकडे करतो.

भारतातली गोष्ट वेड्यांच्या इस्पितळांपासून सुरू होते. या भागासाठी ते इस्पितळ म्हणजे ठाणे, १९०१ सालचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, पण मोठं मनोरुग्णालय म्हटलं की आजही ठाण्याचंच नाव निघतं, आणि ‘ठाण्याला पाठवलं’ याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९१२च्या कायद्याने वेडसर माणूस हा बंदोबस्ताचा विषय मानला. १९८७चा कायदा थोडा मवाळ झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेवर प्रत्येकाचा हक्क सांगितला. तो मे २०१८पासून लागू आहे. दरम्यान चंदीगडजवळच्या रायपूर राणीत डॉ. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मग कर्नाटकात बेल्लारीत निमहान्सने, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मानसोपचार देता येतो हे दाखवलं. १९८२चा राष्ट्रीय आणि १९९६चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांतून आले. म्हाताऱ्यांच्या मनाकडे मुद्दाम पाहणाऱ्यांत मदुराईचे डॉ. ए. व्यंकोबा राव पहिल्या पिढीतले.

एवढ्या सगळ्यात आदिवासी म्हातारा कुठे आहे? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. २०१७-१८च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणं आढळली, पण आपल्याला डॉक्टरांनी नैराश्य असल्याचं सांगितलंय असं म्हणणारे फक्त ०.८ टक्के निघाले. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं दुखणं कोणी ओळखलेलंच नव्हतं. ही देशाची सरासरी आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८च्या अहवालात व्यसन आणि मानसिक आरोग्य हा आदिवासींच्या दहा खास आरोग्यप्रश्नांपैकी एक मानला. त्याच अहवालात आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं दिलं आहे, बाकीच्यांचं ६७. ज्या समाजात साठी गाठणंच अवघड, तिथे ‘ज्येष्ठ नागरिक’ ही सरकारी रेषा किती उशिरा येते, याचा विचार कार्यक्रम आखणाऱ्यांनी करायला हवा. आधार कार्डावर सर्रास १ जानेवारी ही जन्मतारीख असलेल्या माणसाचं वय कागदावरून ठरवताना तर दुप्पट जपून.

आता त्या चाळण्या पाड्यावर लावून पाहू. म्हातारीला झोप येत नाही, छातीत धडधडतं, अंग मोडून येतं, जेवण जात नाही. मुलगा वीटभट्टीवर भिवंडीकडे, नाहीतर वापी-उंबरगावच्या कारखान्यात, नाहीतर गुजरातच्या बोटीवर खलाशी. घरात सून, नातवंडं. पहिली भेट भगताची. तो तांदळाचे दाणे पाहतो, देव कोपला की बाहेरची बाधा ते सांगतो, कोंबडं-नारळ होतं. नाही उतरलं तर कासा, उधवा, चारोटी नाका किंवा तलासरीचा खाजगी डॉक्टर. त्याने सुई टोचली, सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं. मग ज्याच्या खिशात पैसे आहेत तो वापी किंवा सिल्व्हासाला जातो. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : हद्द ओलांडून गेलेला हा रुग्ण महाराष्ट्राच्या एकाही नोंदवहीत येत नाही. कमी वापराच्या आकड्यात त्याचा न-वापर म्हणून हिशेब होतो. उरलेले प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात, अंगदुखीची गोळी घेतात आणि परततात. त्या रांगेत वैद्यकीय अधिकाऱ्याला एका माणसामागे किती मिनिटं मिळतात हे त्या अधिकाऱ्यालाच विचारावं. आम्ही विचारलं आणि त्यांच्या बाजूनेही या पुस्तकात लिहिलं आहे. शेवटी ज्याला ‘मानसोपचार’ म्हणतात तिथे पोचतो तो बहुधा आरडाओरडा करणारा, हिंडणारा, घरच्यांना न आवरणारा रुग्ण. गप्प बसलेली म्हातारी पोचत नाही. ती त्रास देत नाही, हाच तिचा अडथळा.

यातल्या भगताविषयी अभ्यासकांत जुने मतभेद आहेत. १९४५ साली के. जे. सावे यांनी वारलींवर पुस्तक लिहिलं, त्यात देवदेवस्की, भगत, रोग यांची नोंद आहे. पण ती बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद. सुधीर कक्कर यांनी १९८२च्या आपल्या ग्रंथात मांत्रिक, साधू आणि वैद्य यांच्याकडे मनावर उपचार करणारे म्हणून गंभीरपणे पाहिलं. त्याआधी आर्थर क्लाइनमन यांनी, रुग्ण आपल्या दुखण्याचा जो अर्थ लावतो तो ऐकल्याशिवाय निदान अपुरं, असा आग्रह धरला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी आणखी वेगळं काही दाखवलं. १९२२मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांतून निघून दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरलेल्या देवीच्या चळवळीत माणसांच्या अंगात देवी यायची आणि ती सांगायची : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूविक्रेत्या जमीनदाराकडे कामाला जाऊ नका. एका बाजूने पाहिलं तर अंगात येणं हे लक्षण. दुसऱ्या बाजूने तो अन्यायाविरुद्धचा बोल होता. मानसोपचार शिकणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

तरी भगताचा गौरव करायला आम्ही बसलेलो नाही. तो वेळ देतो, घर ओळखतो, बोली त्याची आहे, हे खरं. पण गावात ‘भुताळी’, म्हणजे चेटकीण, कोण हे ठरवण्यातही अनेकदा त्याचाच शब्द चालत आला आहे, आणि बोट बहुतेक वेळा एकट्या, विधवा, म्हाताऱ्या बाईकडे वळतं. स्मृतिभ्रंश झालेली बाई रात्री उठून हिंडते, पुटपुटते, दुसऱ्याच्या घरात शिरते. आजाराची ही लक्षणं संशयाला किती सोयीची आहेत! २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्या बाजूने उभा आहे, पण तो मार बसल्यावर कामाला येतो. त्याआधी ‘हा मेंदूचा आजार आहे’ हे कोणीतरी पाड्यावर येऊन, भगतालाही बरोबर घेऊन, सांगायला लागतं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुवा आणि दवा एकाच आवारात देण्याचा प्रयोग झाला. तसं इथे जमेल का, यावर या संग्रहातल्या लेखकांची मतं जुळत नाहीत. ती तशीच ठेवली आहेत.

म्हाताऱ्यांच्या न येण्यामागे आणखी एक कारण आहे, ते वैद्यकाच्या पुस्तकांत सापडत नाही. आज जी माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांच्या लहानपणी इथे वेठ होती. लग्नासाठी घेतलेल्या सावकाराच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबणारे आईबाप त्यांनी पाहिले. २३ मे १९४५ला झरीत सभा झाली आणि वेठ नाकारणारा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी वाचकाला तो ठाऊक आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. १० ऑक्टोबर हाच जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी दरवर्षी हुतात्म्यांसाठी माणसं जमतात, म्हातारीही येतात. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने आपला फलक त्याच गर्दीच्या कडेला, नम्रपणे, एखादं वर्ष लावून पाहावा.

त्या पिढीने शिकलेला पहिला धडा असा की पँट घातलेला, कागद धरलेला माणूस काही घेऊन जायला येतो : झाड, जमीन, कोंबडी, सही. जंगल खात्याचा शिपाई, तलाठी, सावकाराचा कारकून. त्या माणसासमोर गप्प राहणं हे शहाणपण होतं. आज तोच म्हातारा मानसोपचारतज्ज्ञासमोर गप्प बसतो तेव्हा केसपेपरवर ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहिलं जाऊ शकतं. आमच्या मते त्या शांततेचा इतिहास माहीत नसलेल्या डॉक्टरच्या हातून निदान चुकण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीकडे याच लोकांनी एकत्र येऊन जग बदललेलं आहे. त्यांना एकट्याला खोलीत बोलावून ‘मन मोकळं करा’ म्हणण्यापेक्षा चार जणांत बसवून बोलतं करणं जास्त सोपं जाईल, असं आम्हाला वाटतं.

आजची ओझी निराळी आहेत. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. म्हातारी माणसं नातवंडं सांभाळत मागे राहतात आणि कुटुंब पुन्हा एकत्र येतं ते पावसाच्या तोंडावर. गुजरातच्या बोटींवर गेलेले काही खलाशी समुद्रात पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात, आणि त्यांच्या आईबापांना महिनोन्‌महिने कसली बातमी नसते. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरायला लागली. १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक ऐन थंडीत ताडपत्रीच्या तंबूंत झोपले. भूकंपमापकं आली, तंबू आले, घरांच्या भेगांचे पंचनामे झाले. रात्रीच्या प्रत्येक आवाजाला दचकून उठणाऱ्या म्हाताऱ्यांच्या झोपेचा पंचनामा कोणी केला नाही. धक्के पुढची काही वर्षं अधूनमधून येत राहिले. आता वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग. जमीन जाणार की राहणार ही चिंता तरुणाला मोर्च्यात नेते. म्हाताऱ्याला ती रात्री छळते.

मोजमापाचा प्रश्न आम्ही मुद्दाम मोठा केला आहे. स्मृतिभ्रंश तपासताना आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, हे वाक्य लिहा, असं विचारतात. शाळेत न गेलेल्या माणसाला ही परीक्षा शाळेचीच वाटते आणि तो नापास होतो, मेंदू शाबूत असला तरी. हरयाणात बल्लभगडला मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षरांसाठी हिंदीत ही चाचणी नव्याने बांधली, १९९५मध्ये ती प्रसिद्ध झाली. वारलीत असं काम व्हायला हवं. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतची कामं क्रमाने सांगा. लग्नात आधी काय, मग काय. लग्न लावणारी धवलेरी कधी गायला बसते. अशा प्रश्नांत स्मरण, क्रम, काळ सगळं तपासता येतं. २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानसची १४४१६ ही सेवा वीस भाषांत बोलते, मराठी त्यांत आहे, वारली नाही. आणि ज्या म्हातारीकडे फोन नाही, तिला कोणतीच भाषा नाही.

बोलणं हाच एक मार्ग नसतो, हेही याच मातीने दाखवलं आहे. जिव्या सोमा म्हशे यांची आई त्यांच्या लहानपणी वारली, तेव्हा ते बराच काळ बोलायचे थांबले आणि धुळीत चित्रं काढून सांगायचे, असं त्यांच्याविषयी लिहिलं गेलं आहे. पुढे पद्मश्री मिळवलेल्या या चित्रकाराचं मौन कोणत्याही दवाखान्याच्या वहीत नाही. चित्रकला हा उपचार आहे असा सोपा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. पण प्रश्नावलीला उत्तर न देणारा माणूस काहीच सांगत नसतो, हे मात्र मी मानत नाही.

मग जमतं कुठे? गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्यांच्या नैराश्याला आवर घालण्यासाठी साध्या, स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं, आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत नैराश्य टाळण्याचा फायदा स्पष्ट दिसला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांच्या हाती काम दिलं; नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच माणसं, तीच गावं, तोच ‘अडाणीपणा’. बदलली ती सेवा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठसारख्या आदिवासी तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्या विश्वासू माणसांना हाताशी धरलं, तेही याच वाटेने.

पण एवढं लांब जायचीही गरज नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, ती गुरांमागे जातात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. अंगणात अंगणवाडी भरवली, कुरणात कुरणशाळा भरवली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षिका गेली. आज देशभर अंगणवाडी आहे. डहाणूने भारताला शिकवलेली ही गोष्ट डहाणूच्याच म्हाताऱ्यांच्या वाट्याला अजून आलेली नाही. आवणी संपल्यावर, सकाळी उन्हाला बसतात त्या ओट्यावर, आठवडी बाजाराच्या दिवशी, श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत रांग लागते तिथे मनाच्या सेवेला जाता येईल. म्हातारी तिथे असतातच.

या संग्रहात वैद्यकीय अधिकारी, आशा कार्यकर्त्या, परिचारिका, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या सुना-नातवंडांनी लिहिलं आहे. काही लेख संशोधनाच्या शिस्तीचे आहेत, काही आठवणींसारखे. आम्ही ते एका साच्यात बसवले नाहीत. म्हाताऱ्यांची मनोगतं नावं आणि पाडे वगळून छापली आहेत आणि ज्यांनी आधी सांगून नंतर नको म्हटलं, त्यांचं काढून टाकलं आहे. पुरुषांच्या ताडी-दारूवर एक मोठा लेख आहे. तो वाचताना १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरवून दुकानाची दारू कशी माथी मारली, हा संदर्भ डोळ्यांसमोर ठेवावा. कातकरी आणि दुबळा वस्त्यांवर मात्र या पुस्तकात कमी लिहिलं गेलं आहे. तिथलं लिहिणारं माणूस मिळेपर्यंत पुढच्या आवृत्तीची पानं त्यांच्यासाठी राखलेली आहेत.

शेवटच्या भागात आशा कार्यकर्त्यांसाठी वारलीतल्या काही प्रश्नांची यादी आहे : झोप, भूक, भीती, विसरणं आणि एकटेपण यांविषयी कसं विचारायचं, कोणाच्या देखत विचारायचं नाही, आणि कोणतं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयाला कळवायचं. सायवनकडची वारली आणि उधव्याकडची वारली यांत फरक आहे, तेव्हा शब्द खुशाल बदलावेत. पानं फाडून पिशवीत ठेवता यावीत म्हणून तो भाग सुटा बांधला आहे. तो छापून वाटायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.